सत्तेची विभागणी कोणासाठी?



कायदे करणारे कायदेमंडळ, ते राबविणारे मंत्रिमंडळ आणि निवाडा करणारे न्यायालय अशा तीन ठिकाणी भारताच्या राज्यघटनेने सत्ता वाटून दिली आहे, हे शाळेतील मुलेही पाठ म्हणून दाखवितात. परीक्षेला तेवढे पुरते. परंतु जुन्नर तालुक्यात, माळशेज घाटाच्या वाटेवर, पिंपळगाव जोगा धरणाच्या अंगाला वसलेल्या मढसारख्या गावी राहणाऱ्या आणि नुकतीच धम्मदीक्षा घेतलेल्या कुटुंबाने याहून एक वेगळा प्रश्न विचारला पाहिजे. ही वाटणी केली कोणासाठी? ज्याच्या पदरी जमीन आहे, ज्याचा भाऊ कचेरीत आहे, ज्याचा मेहुणा वकील आहे, त्याला सत्ता एका हातात असली काय अथवा दहा हातांत असली काय, सारखेच. तो हात त्याच्या ओळखीचाच असतो. ज्याची कोणाशीच ओळख नाही, त्यालाच सत्ता विभागलेली असण्याची खरी गरज असते.

एका हातातील सत्ता कशी असते, हे समजण्यासाठी आपल्याला परदेशातील राजांचा इतिहास वाचण्याचे कारण नाही. आपल्या आजोबांचे गाव आठवावे. ‘पारगाव तर्फे मढ’ असे गावाचे नाव आजही सरकारी कागदावर लिहिले जाते. त्यातील ‘तर्फ’ हा शब्द जुन्या मुलकी व्यवस्थेचा अवशेष आहे. त्या व्यवस्थेत सारा वसूल करणारा पाटील, गावचा बंदोबस्त पाहणाराही बहुधा त्याच घराण्यातील पाटील. मुंबई सरकारच्या १८६७ च्या ग्रामपोलीस कायद्यान्वये किरकोळ मारहाण व शिवीगाळ यांचे खटले चालवून माणसाला चोवीस तासांपर्यंत अटकेत ठेवण्याचा अधिकारही पोलीस पाटलाला देता येत असे. ज्याच्याकडे वेठीला जायचे, ज्याने शिवी द्यायची, त्याच्याच पुढे फिर्याद आणि त्याच्याच चावडीत शिक्षा! याच्या वरची पायरी मामलेदाराची. मामलेदार वसुली करी आणि तोच दंडाधिकारी म्हणून फौजदारी खटलेही ऐके. त्याच्या वर प्रांत, प्रांताच्या वर कलेक्टर. पायऱ्या पुष्कळ होत्या, पण जिना एकच होता.

महार वतनाचे तर विचारूच नये. १८७४ च्या वंशपरंपरागत हुद्द्यांच्या कायद्याने महाराला चोवीस तास सरकारचा व गावचा बांधील चाकर केले. १८७६ च्या मुलकी अधिकारक्षेत्राच्या कायद्याने वतनासंबंधी सरकारविरुद्धच्या दाव्यांना दिवाणी न्यायालयाचा दरवाजा बंद केला. म्हणजे काम सांगणारे मुलकी खाते, मोबदला ठरविणारे मुलकी खाते, आणि मोबदला मिळाला नाही तर तक्रार ऐकणारेही मुलकी खातेच. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९ मार्च १९२८ रोजी मुंबई कायदे कौन्सिलात या कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले, ते पुढे मागे घ्यावे लागले. कनिष्ठ ग्रामवतने नष्ट करणारा कायदा व्हायला १९५८ साल उजाडले. आमच्या लोकांचे दारिद्र्य हे केवळ अस्पृश्यतेचे फळ नव्हते. आज्ञा करणारा आणि न्याय देणारा एकच असल्याचेही ते फळ होते.

याच कारणास्तव राज्यघटनेतील पन्नासावे कलम आम्हास फार मोलाचे वाटते. सरकारी सेवेत न्यायखाते कार्यकारी खात्यापासून वेगळे करण्यासाठी राज्याने उपाय करावेत, एवढेच ते कलम सांगते. घटना समितीत १९४८ च्या नोव्हेंबरात ही तरतूद बाबासाहेबांनी मांडली. मार्गदर्शक तत्त्वांत ती असल्यामुळे कोर्टात जाऊन बजावून घेता येत नाही, म्हणून पुष्कळ जण तिच्याकडे दुर्लक्ष करतात. परंतु मुंबई राज्याने १९५१ मध्येच या विभागणीचा कायदा केला आणि १९५३ मध्ये तो अमलात आला. सबंध देशभर ही विभागणी १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने, १ एप्रिल १९७४ पासून झाली. त्या दिवसापासून गुन्ह्याचा खटला चालवून शिक्षा देणारा दंडाधिकारी हा उच्च न्यायालयाच्या देखरेखीखालचा आहे. त्याची बदली, बढती, रजा कलेक्टरच्या हाती नाही. गावचा पुढारी मंत्र्याकडे गेला तरी मंत्र्याला त्याची बदली करता येत नाही. स्वातंत्र्य या मोठ्या शब्दाचा मढच्या माणसापुरता अर्थ बहुतांशी एवढाच आहे, आणि तो लहान नाही.

अर्थात् जुन्या व्यवस्थेचा एक तुकडा अजून शिल्लक आहे. शांतताभंगाच्या भीतीने जामीनकतबा लिहून घेणे, जमावबंदी करणे, ही प्रतिबंधक कामे आजही तहसीलदार व प्रांत हे कार्यकारी दंडाधिकारी म्हणून करतात. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेतही हे अधिकार त्यांच्याकडेच ठेवले आहेत. जयंतीच्या मिरवणुकीच्या आदल्या आठवड्यात आपल्या तरुणांच्या हाती जी नोटीस पडते, ती बहुधा या कलमांखालची असते. ती शिक्षा नव्हे, गुन्हा शाबीत झाल्याचा दाखला नव्हे. कतबा देण्याचा हुकूम झालाच, तर त्यावर सत्र न्यायालयात दाद मागता येते. हे ठाऊक नसल्यामुळे कित्येक मुले निमूटपणे अंगठा उठवून येतात आणि गाव त्यांना गुन्हेगार म्हणू लागते.

आता दिल्लीकडे वळू. आपली घटना अमेरिकेसारखी तिन्ही खाती भिंत घालून वेगळी करीत नाही. आपले मंत्री संसदेतच बसतात. हा दोष आहे असे काही विद्वान म्हणतात. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी मसुदा मांडताना बाबासाहेबांनी याचे कारण सांगितले होते. कार्यकारी सत्ता स्थिर असावी आणि जबाबदारही असावी. दोन्ही गोष्टी सारख्या प्रमाणात साधणारी पद्धत अजून कोणाला सापडलेली नाही. तेव्हा दोहोंपैकी एकीला झुकते माप देणे भाग आहे, आणि मसुद्याने ते जबाबदारीला दिले आहे, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. अमेरिकेच्या अध्यक्षाचा हिशेब मतदार चार वर्षांनी घेतात. आपल्या मंत्र्याचा हिशेब प्रश्नोत्तरांतून, ठरावांतून, अविश्वासाच्या सूचनेतून रोज घेता येतो. लोकसभेचा विश्वास गेला की मंत्रिमंडळ गेले. कायद्यावाचून कर बसविता येत नाही, विधिमंडळाच्या मंजुरीवाचून तिजोरीतून पैसा काढता येत नाही. खर्च झाल्यावर तो तपासणारा महालेखापाल मंत्र्याच्या मर्जीवर नोकरी करीत नाही. निवडणुका सरकार घेत नाही, निवडणूक आयोग घेतो. आणि मूलभूत हक्कावर घाला आला, तर बत्तिसाव्या कलमान्वये थेट सर्वोच्च न्यायालयात व दोनशे सव्विसाव्या कलमान्वये मुंबईच्या उच्च न्यायालयात जाता येते. घटनेचे हृदय आणि आत्मा म्हणून बाबासाहेबांनी त्या बत्तिसाव्या कलमाकडेच बोट दाखविले होते.

त्याच ४ नोव्हेंबरच्या भाषणात त्यांनी आणखी एक गोष्ट केली आणि तीवर तेव्हा पुष्कळ ओरड झाली. मसुद्याने गावाला नव्हे, तर व्यक्तीला एकक मानले, याबद्दल त्यांनी समाधान व्यक्त केले. गावाचे गोडवे गाणाऱ्यांना ते रुचले नाही. गावकुसाबाहेर राहिलेल्या माणसाला मात्र त्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

विभागलेली सत्ता आपल्याला नेहमीच सोयीची पडते, असा भ्रम मात्र कोणी बाळगू नये. आपल्या स्वतःच्याच इतिहासातील उदाहरण घेऊ. १० ऑगस्ट १९५० रोजी राष्ट्रपतींनी अनुसूचित जातींचा आदेश काढला. हिंदू धर्म मानणारासच, काही शीख जाती वगळता, अनुसूचित जातीचा गणावे असे त्यात होते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला लाखो लोकांनी धर्मांतर केले आणि त्या क्षणी केंद्राच्या लेखी ते अनुसूचित जातीचे राहिले नाहीत. जातीमुळे होणारा छळ तसाच राहिला, त्यावरचा उपाय तेवढा गेला. १९६२ च्या निवडणुकीनंतर पंजाबराव विरुद्ध मेश्राम हा खटला महाराष्ट्रातून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. राखीव जागेवर निवडून आलेल्या उमेदवाराने उघडपणे बौद्ध धम्म स्वीकारला आहे, सबब तो त्या जागेस पात्र नाही, असा निकाल १९६४ मध्ये लागला. न्यायाधीशांना आमच्याविषयी आकस होता काय? तसे म्हणण्यास आधार नाही. आदेशात जे लिहिले होते तेच त्यांनी वाचले. आदेश बदलण्याचा अधिकार त्यांचा नव्हता.

तो अधिकार होता कोणाचा? घटनेच्या ३४१ व्या कलमाचे उत्तर स्पष्ट आहे. राज्यपालांशी विचारविनिमय करून राष्ट्रपतींनी यादी एकदा प्रसिद्ध करावी. त्यानंतर तीत जात घालावयाची अथवा काढावयाची ती केवळ संसदेने, आणि तीही कायदा करून. मंत्र्याने नव्हे, राज्य सरकारने नव्हे, सचिवाच्या परिपत्रकाने तर नव्हेच. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य स्थापन झाल्यावर राज्य सरकारने आपल्या अखत्यारीतील शिक्षणाच्या व नोकरीच्या सवलती नवबौद्धांना लागू केल्या, कारण तेवढे क्षेत्र राज्याचे होते. केंद्राच्या नोकऱ्या आणि लोकसभा-विधानसभेच्या राखीव जागा यांना त्याचा उपयोग नव्हता. अखेर १९९० मध्ये संसदेने दुरुस्तीचा कायदा केला व बौद्धांचा समावेश झाला. चौतीस वर्षे! त्या काळात एक सबंध पिढी शिकली, अर्ज केले, नाकारली गेली आणि म्हातारी झाली.

तेव्हा एखाद्या संतप्त तरुणाने विचारावे की, असली कुलपे काय कामाची? एका पंतप्रधानाला एका सहीने हे करता आले असते तर १९५७ मध्येच काम झाले नसते काय? प्रश्न रास्त आहे. पण त्याची दुसरी बाजू पाहावी. ज्या सहीने नाव यादीत घालता येते, त्याच सहीने ते काढताही येते. १९९० नंतर दिल्लीत आणि मुंबईत किती सरकारे आली आणि गेली! त्यांपैकी काहींना आपले धर्मांतर गोड वाटत होते, काहींना नव्हते. एकालाही आपले नाव परिपत्रकाने पुसता आले नाही. २००० मध्ये मिलिंद या महाराष्ट्रातीलच खटल्यात, जमातींच्या यादीच्या संबंधात, सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की राज्य सरकारच काय, न्यायालयेसुद्धा यादीत फेरफार करू शकत नाहीत. ज्या कुलपाने आपल्याला चौतीस वर्षे बाहेर ठेवले, तेच आज आपल्या घराला लागलेले आहे. ते मोडावे असे म्हणण्यापूर्वी किल्ली कोणाच्या हाती जाईल, याचा विचार करावा.

या कुलपांवर विसंबून झोपी जावे, असाही याचा अर्थ नव्हे. २५ जून १९७५ च्या रात्री आणीबाणी पुकारली गेली, ती घटनेतील कलमानुसारच. राष्ट्रपतींची सही आधी झाली आणि मंत्रिमंडळाची बैठक दुसऱ्या दिवशी सकाळी. पुढच्याच महिन्यांत पंतप्रधानांची निवडणूक न्यायालयाच्या कक्षेबाहेर नेणारी घटनादुरुस्ती झाली; तिचा तो भाग सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर १९७५ मध्ये रद्द केला. चौकशीविना तुरुंगात घातलेल्या माणसाला न्यायालयात दाद मागता येते, असे मुंबईसह नऊ उच्च न्यायालयांनी म्हटले होते. २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक अशा बहुमताने ते फिरविले. आमच्या महाराष्ट्राचे न्यायमूर्ती यशवंत विष्णू चंद्रचूड त्या चारांत होते, आणि एकटे राहिले ते न्यायमूर्ती हंसराज खन्ना. पुढे जानेवारी १९७७ मध्ये खन्नांना डावलून त्यांच्याहून कनिष्ठ असलेल्यास सरन्यायाधीश करण्यात आले. १९७६ चा तो निकाल चुकीचा होता, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये नि:संदिग्धपणे सांगितले, आणि ते निकालपत्र यशवंतरावांचे पुत्र न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी लिहिले. तुरुंगात गेलेल्यांना त्याचा काय उपयोग, असे कोणी म्हटल्यास आमच्याजवळ उत्तर नाही.

सावरले ते कशामुळे? मार्च १९७७ च्या निवडणुकीत मतदाराने सरकार बदलले आणि १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीने भोके बुजविली गेली. मंत्रिमंडळाचा निर्णय लेखी आल्याशिवाय राष्ट्रपतींनी आणीबाणी पुकारू नये, ‘अंतर्गत अशांतता’ हे सैल कारण चालू नये, सशस्त्र बंडच असावे, महिन्याच्या आत संसदेने विशेष बहुमताने संमती द्यावी, आणि काहीही झाले तरी जीविताचा व व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क स्थगित करता येऊ नये. ही दुरुस्ती पुस्तकी पंडितांनी शोधून काढलेली नाही. एकवीस महिने जे भोगले, त्याची ती जंत्री आहे.

बाबासाहेबांना हा धोका आधीच दिसला होता. २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात, धर्मात भक्ती मुक्तीचा मार्ग असेल, राजकारणात मात्र ती अधोगतीचा आणि पुढे हुकूमशाहीचा हमखास मार्ग आहे, असा इशारा त्यांनी दिला. त्याच भाषणात त्यांनी भिक्खुसंघाचे स्मरण केले. बैठकीचे नियम, ठराव, गणसंख्या, मतमोजणी, निंदाव्यंजक ठराव या सर्व गोष्टी संघाला अवगत होत्या, हे त्यांनी सभागृहाला सांगितले. जुन्नरच्या सभोवारच्या डोंगरांत, लेण्याद्रीला, तुळजालेण्यांत, मानमोडीला जे विहार कोरलेले आहेत, तेथे राहणाऱ्या भिक्खूंचा विनय हाच होता. संघाचे महत्त्वाचे कर्म करावयाचे तर सूचना मांडावी, ती तीन वेळा विचारावी, कोणाचा आक्षेप नसेल तरच ती संमत समजावी. आणि स्वतः तथागतांनी आपल्या पश्चात् संघाचा धनी म्हणून कोणालाही नेमले नाही, धम्म हाच शास्ता असे सांगितले. एका माणसाच्या हाती सर्व सोपवू नये, ही गोष्ट आपल्याला परक्यांकडून शिकण्याचे कारण नव्हते. आमच्याच कित्येक संस्थांत आणि पक्षांत मात्र अध्यक्ष तहहयात असतो, हिशेब त्याच्या खिशात असतो, आणि विचारणारा फितूर ठरतो. याविषयी पुन्हा केव्हातरी सविस्तर लिहू.

महाराष्ट्रातील अलीकडचे दोन प्रसंग आपल्या वाचनात आले असतीलच. २३ नोव्हेंबर २०१९ च्या पहाटे राष्ट्रपती राजवट उठवून सकाळी मुख्यमंत्र्यांचा शपथविधी झाला. राज्यघटना स्वीकारल्याच्या दिवशीच, २६ नोव्हेंबरला, सर्वोच्च न्यायालयाने दुसऱ्या दिवशी विधानसभेत बहुमत सिद्ध करण्याचा हुकूम दिला व त्याच दिवशी राजीनामा आला. २०२२ च्या सत्तांतरात राज्यपालांनी बहुमत चाचणी बोलाविली ती समर्थनीय नव्हती, असे न्यायालयाने ११ मे २०२३ रोजी म्हटले. परंतु तत्कालीन मुख्यमंत्र्यांनी चाचणीला सामोरे न जाता राजीनामा दिला असल्यामुळे पूर्वस्थिती आणता येत नाही, असेही म्हटले. अमुक पक्ष बरा की तमुक, हा येथे मुद्दा नाही. ज्याला कुलूप उघडावयाचे आहे त्याने दारापर्यंत गेले पाहिजे, एवढेच त्यातून घ्यावे.

मढच्या वाचकाला याहून जवळची गोष्ट मात्र फारशी कोणी सांगितली नसेल. पुणे जिल्हा परिषदेची व तिच्याखालील पंचायत समित्यांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. मुदत संपण्यापूर्वी निवडणूक झाली पाहिजे, असे घटनेचे २४३-ङ कलम म्हणते. इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा व प्रभागरचनेचा वाद न्यायालयात अडकला, आणि निवडणुका घ्या असा सर्वोच्च न्यायालयाचा हुकूम ६ मे २०२५ रोजी निघाला. मधल्या तीन वर्षांहून अधिक काळात कारभार कोणी केला? प्रशासकाने, आणि प्रशासक कोण, तर जिल्हा परिषदेचाच मुख्य कार्यकारी अधिकारी. ज्याने सदस्यांच्या प्रश्नांना उत्तरे द्यावयाची, तोच सदस्यांच्या खुर्चीवर बसला. ठराव त्याचा, अंमलबजावणी त्याची, आणि दिरंगाईबद्दल जाब विचारावयाचा तर तोही त्याचाच त्याला. त्या अधिकाऱ्यांनी वाईट कारभार केला, असे आम्ही म्हणत नाही. कदाचित काहींनी सदस्यांपेक्षा बराही केला असेल. पण वस्तीचा रस्ता, दलित वस्ती सुधारणेचा निधी, शाळेची गळकी खोली यांविषयी सभागृहात उभे राहून बोलणारा एकही माणूस तुम्ही निवडून दिलेला नव्हता. आणि या गोष्टीसाठी जिल्ह्यात मोर्चे निघाल्याचे आम्हास आठवत नाही.

ग्रामसभा मात्र त्या काळातही भरतच होती. जुन्नर आणि आंबेगावच्या पश्चिमेकडील आदिवासी गावांपैकी जी अनुसूचित क्षेत्रात मोडतात, तेथे १९९६ च्या पेसा कायद्याने ग्रामसभेचे अधिकार अधिकच वाढविले आहेत. तेथील महादेव कोळी आणि ठाकर बांधवांशी आपले या बाबतीत वैर असण्याचे काही कारण नाही. प्रश्न विचारणारे जितके जास्त तितके बरे. इतर गावांतही वर्षातून किमान चार ग्रामसभा व्हावयास पाहिजेत. तेथे जमाखर्च मागावा, लेखापरीक्षणाचा अहवाल वाचून दाखविण्याचा आग्रह धरावा, आणि मागितलेले मिळाले नाही तर २००५ च्या माहितीच्या अधिकाराखाली अर्ज करावा. भगिनींनी विशेषेकरून जावे. पंचायतीतील निम्म्या जागा त्यांच्या असताना सभेत मात्र त्यांचे पती बोलतात, हे दृश्य अजून पुष्कळ ठिकाणी दिसते.

नवदीक्षित कुटुंबांसाठी आणखी एक व्यावहारिक सूचना. मुलाच्या दाखल्यावर धर्म बौद्ध लिहिताना पूर्वीच्या जातीची नोंद असलेले जुने कागद, आजोबांच्या शाळेचा दाखला, वतनाचे उतारे, जपून ठेवावेत. केंद्राच्या सवलतींसाठी यादीतील मूळ जात सिद्ध करावी लागते. दाखला प्रांत देतो, त्याची वैधता जिल्ह्याची पडताळणी समिती पाहते, आणि समितीचा निर्णय अन्यायाचा वाटल्यास त्याविरुद्ध फक्त उच्च न्यायालयात जाता येते. प्रांताने दाखला दिला म्हणजे काम झाले असे समजू नये, आणि समितीने नाकारला म्हणजे सर्व संपले असेही समजू नये. वकिलाला द्यावयास पैसे नाहीत ही सबब सांगणाऱ्यांस हे माहीत असावे की, १९८७ च्या विधी सेवा कायद्याने अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तीस आणि कोणत्याही स्त्रीस, उत्पन्न कितीही असो, विनामूल्य कायदेशीर साह्य मिळण्याचा हक्क दिला आहे. अर्ज तालुक्याच्या न्यायालयातील विधी सेवा समितीकडे करावयाचा असतो. साध्या कागदावर लिहिला तरी चालतो.